उरलेल्या टेपवरचं गाणं

गाजलेलं गाणं वेगळं आणि आवडतं गाणं वेगळं, हे मला विशीत कळलं आणि त्यावरून मी आजही कुणाशीही भांडायला तयार असते. गाजलेलं गाणं आपल्या मागे लागतं. रिक्षात, लग्नाच्या हॉलमध्ये, दातांच्या डॉक्टरकडे, आपण जाऊ तिथं ते आधीच येऊन बसलेलं असतं. आवडतं गाणं आपल्याला कुठल्यातरी कोपऱ्यात सापडतं. माझी सगळी आवडती गाणी अशी कोपऱ्यातली, आणि त्यातही रॉक. एखाद्या परदेशी बँडची चार गाणी जगानं डोक्यावर घेतलेली असायची आणि मला त्याच कॅसेटवरचं पाचवं आवडायचं. ते कधी कुठल्या यादीत चढलेलं नसायचं. घरचे म्हणायचे, हिचं सगळंच उलटं. असेल, पण माझ्या त्या पाचव्या गाण्यांनी मला कधी दगा दिला नाही.

डोंबिवलीत पूर्वेला बाबांचं कॅसेटचं दुकान होतं. आताच्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं. लोक कोरी कॅसेट विकत घ्यायचे, हव्या त्या गाण्यांची यादी द्यायचे, आणि आम्ही ती गाणी त्या कॅसेटवर भरून द्यायचो. कुणाला आरत्या, कुणाला भावगीतं, कुणाला डोहाळजेवणाची गाणी. यादीतली गाणी संपली की कॅसेटच्या प्रत्येक बाजूच्या शेवटी थोडी टेप उरायचीच. कधी मिनिटभर, कधी तीन-चार मिनिटं. बाकीचे दुकानदार ती तशीच कोरी सोडून द्यायचे. बाबांना ते पटायचं नाही. ते म्हणायचे, "माणसानं तासाची कॅसेट घेतलीय, त्याला तासभर गाणं मिळालं पाहिजे. अर्धा कप चहा देतो का आपण कुणाला?" समोरचा चहावाला दिवसभर कटिंगच विकत होता, पण बाबांशी वाद कोण घालणार?

त्या उरलेल्या टेपवर काय भरायचं, हे काम माझ्याकडे होतं. बाबा स्वतः भरायचे तेव्हा सनई नाहीतर बासरी भरायचे. मी रॉक भरायला लागले. मग हरिपाठ संपला की दोन श्वास शांतता आणि लगेच इलेक्ट्रिक गिटार. एक आजोबा कॅसेट घेऊन तक्रार करायला आले, काउंटरवर हात आपटून बोलले, आणि जाता जाता वळून म्हणाले, "वाजवणाऱ्याचा हात मात्र तयार आहे हो." पुढच्या वेळी आले तेव्हा त्यांनी हळूच विचारलं की या कॅसेटमध्ये शेवटी जागा उरेल ना.

ही इंग्रजी गाणी मला मिळायची आमच्या ड्रमवाल्याकडून. तो ठाण्याच्या खाडीकडच्या एका गावातला, ख्रिश्चन घरातला. त्यांची भातशेती होती, आणि मामा जहाजावर होता. मामा सुट्टीवर आला की बॅगभर कॅसेट आणायचा. ड्रमवाला चर्चच्या सणाला बँडमध्ये वाजवायचा, आणि बाकीचे दिवस पत्र्याच्या डब्यांवर. गिटारवाला माझ्या कॉलेजातला. शांत, कमी बोलणारा, पण एकदा नाही म्हणाला की ब्रह्मदेव खाली आला तरी हो म्हणणार नाही असा. मी गायचे. आमचा बँड म्हणजे इतकाच. बेस गिटार आमच्याकडे नव्हती. खालचा सूर लागला की गिटारवाला तो आपल्याच गिटारच्या जाड तारांवर काढायचा आणि ड्रमवाला त्यावर पाय आपटायचा. चालून जायचं.

दुसऱ्यांची गाणी वाजवून कंटाळा आला तेव्हा गिटारवाल्यानं आमचं स्वतःचं एक गाणं केलं, शब्द आणि चाल दोन्ही त्याची. त्याचे वडील डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत दुसऱ्या पाळीला जायचे, आणि आई ते परत येईपर्यंत दार नुसतं लोटून ठेवायची. कडी वाजली की पोरं उठतील, म्हणून. तेवढ्यावरून त्यानं लिहिलं होतं.

दार लोटून घे, कडी नको लावू,
उशीर होईल मला, तू नको घाबरू.

मग अंतरा होता, त्यात आपली डोंबिवली होती.

रस्ता खणलाय सगळा, दिवे गेलेत नाक्यावर,
चिखल घेऊन येईन, पायपुसणं ठेव उंबऱ्यावर.

त्यानंतर गिटारचा एक मोठा तुकडा, अंगावर येणारा, आणि मग शेवटचं कडवं. एका शाळेचा हॉल सुट्टीत मिळाला, तिथं दुकानातला डेक आणि दोन माइक नेऊन आम्ही ते रेकॉर्ड केलं. गाणं सहा मिनिटांचं झालं. मी तेव्हाच म्हणाले होते, असं गाणं मराठीत झालेलं नाही. बढाई होती, पण खोटी नव्हती.

मुंबईतल्या एका कॅसेट कंपनीत आम्ही ते घेऊन गेलो. तिथल्या साहेबांनी पूर्ण ऐकलं हे खरं. मग म्हणाले, "चांगलंय. पण सहा मिनिटं कोण ऐकणार? ढणढणाट कमी करा, बाईंनी जरा गोड गावं, आणि शेवटचं कडवं काढून टाका."

गिटारवाला म्हणाला, "शेवटचं कडवं काढलं तर तो घरी पोचतच नाही."

"नाही पोचला तर काय बिघडलं?"

त्यानं गिटार पिशवीत घातली आणि सरळ जिना उतरून गेला. मी त्या साहेबांना दोन शब्द सुनावून मग उतरले. खाली तो फुटपाथवर उभा होता. त्याचे डोळे भरले होते, आणि मला त्याचा इतका अभिमान वाटत होता की मला रडू येण्याऐवजी हसूच येत होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी दुकानातल्या प्रत्येक उरलेल्या टेपवर आमचंच गाणं भरायला लागले. आरत्या असोत, नाट्यगीतं असोत की अंताक्षरीसाठी काढलेली सिनेमाची गाणी, शेवटी जागा उरली की "दार लोटून घे". बाबांनी एकदाच विचारलं, "सगळ्यांना हेच?" मी म्हटलं, "हेच." ते म्हणाले, "बरं आहे, मलापण पाठ झालंय." वर्षानुवर्षं हे चाललं. डोंबिवली, कल्याण, पार ठाण्यापर्यंत त्या कॅसेट गेल्या. कॅसेटच्या डबीतल्या कार्डावर बाबा सुवाच्य अक्षरात यादीतल्या गाण्यांची नावं लिहायचे. शेवटचं गाणं यादीतलं नसायचं, म्हणून त्याचं नाव कधी कुणी लिहिलं नाही. नाव नाही म्हटल्यावर ते गाणं कुणाला मागताही येत नव्हतं. असं गाणं हिट कसं होणार?

गिटारवाल्याला हे कळलं तेव्हा तो भयंकर चिडला. "माझं गाणं आरतीला शेपूट म्हणून लावतेस?" मी म्हटलं, "शेपूट तर शेपूट, पण घराघरात गेलंय." त्याला ते पटलं नाही. मला अजूनही त्यात काही गैर वाटत नाही. पण त्याच्या मनानं घेतलं की गाणं मेलं. त्यानं नोकरी धरली, ठाण्यात कोलशेतच्या एका कंपनीत, आणि गिटार माळ्यावर गेली. मी शाळेत गणित शिकवायला लागले. कॅसेटचा जमाना संपला, बाबा गेले, दुकानाच्या जागी आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

गाणं मात्र मला भेटत राहिलं. कल्याणच्या बाजारात एक भाजीवाली मेथी निवडता निवडता तेच गुणगुणत होती. एकदा नवरात्रात ठाण्याला टेंभी नाक्यावर देवीच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई खांद्यावरच्या पोराला थोपटत होती आणि म्हणत होती, "दार लोटून घे, कडी नको लावू." पोरगं झोपलं. रॉक गाण्यावर! मी तिला विचारलं, हे कुठलं गाणं? ती म्हणाली, "काय माहीत. आमच्याकडे आरतीनंतर असायचं." प्रत्येक वेळी मी गिटारवाल्याला फोन केला. प्रत्येक वेळी तो म्हणाला, "हो का? छान." जेवलीस का विचारावं तशा आवाजात.

या वर्षी गणपती झाले आणि त्याचाच फोन आला. म्हणाला, घर आवरतोय, गिटार भाच्याला देऊन टाकतोय. भाऊबीजेला येऊन घेऊन जाईल.

"भाचा वाजवतो?" मी विचारलं.

"नाही गं. त्यानं नवीन फ्लॅट घेतलाय. हॉलच्या भिंतीवर लावणार म्हणतो, शोभेला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ड्रमवाल्याला उचललं आणि दुसऱ्याच दिवशी कोलशेत गाठलं. ज्या रस्त्यानं गिटारवाला कंपनीत जायचा त्याच रस्त्यावर आता टॉवर झालेत, आणि त्यातल्याच एका टॉवरमध्ये विसाव्या मजल्यावर तो राहतो. बाल्कनीतून खाडी दिसते. गिटार सोफ्यावर होती, पुसून स्वच्छ केलेली. पाठवणीच्या आधी मुलीला नटवावं तशी.

"हे बघ," तो म्हणाला, "तीस वर्षं मी वाट बघितली. कुणीतरी अनोळखी माणूस येईल आणि म्हणेल, ते गाणं तुमचं का. एकही आला नाही. तुझे फोन आले. तू माझी मैत्रीण आहेस, तू म्हणणारच."

"म्हणजे मी थापा मारते?"

"समजूत काढतेस."

ड्रमवाला म्हणाला, "माजी तर ती कधीच समजूत काढत नाय. शिव्याच घालते."

मी म्हटलं, "एकदा लोकांसमोर वाजव. एकदाच. मग तू आणि तुझा भाचा काय ते बघा."

त्यानं गिटारवरून एकदा फडकं फिरवलं. मग म्हणाला, "वाजवतो. पण लोक गप्प राहिले, तर या गाण्याचं नाव माझ्यासमोर पुन्हा काढायचं नाही. दोघांनीही."

मी हो म्हटलं. त्याला एकदा, फक्त एकदा, ते गाणं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकू यावं, एवढंच मला हवं होतं. ते झालं नसतं तर गिटार भिंतीवर गेली असती आणि तो आयुष्यभर समजत राहिला असता की त्याची एकमेव चांगली गोष्ट वाया गेली.

आता लोक आणायचे कुठून? डोंबिवलीत दिवाळीच्या पहिल्या दिवशी अभ्यंगस्नान झालं की सगळं गाव नवे कपडे घालून रस्त्यावर येतं. मुलं झब्ब्यात, मुली नथ घालून, आणि जागोजागी दिवाळी पहाटेचे कार्यक्रम. आमच्या भागातल्या मैदानावरचा कार्यक्रम जे सांभाळतात ते काका बँकेतून निवृत्त झालेले, शुद्ध बोलणारे आणि शिस्तीचे. मी त्यांच्या घरी गेले. आतून चकलीचा वास येत होता.

"दिवाळीच्या पहाटे रॉक?" काका म्हणाले. "अहो, लोक अभंग ऐकायला येतात. आणि निदान लोकांना ठाऊक असलेलं गीत असावं, एवढी तरी अपेक्षा ठेवावी ना?"

मी वाद घातला नाही. जुनी टेप मी पूर्वीच मोबाईलवर उतरवून घेतली होती, ती लावली. गिटार सुरू झाली तशी काकांनी कपाळाला आठ्या घातल्या. "दार लोटून घे" आलं आणि स्वयंपाकघरातून सोऱ्याचा आवाज थांबला. काकू गायला लागल्या. मोठ्यानं, बिनचूक, माझ्याहून बऱ्या सुरात. पहिल्या दोन ओळी, मग रस्ता, मग दिवे, मग "चिखल घेऊन ये", आणि गप्प. शब्द अर्धाच सोडून. सोऱ्याचा आवाज परत सुरू झाला.

काका आतल्या दाराकडे बघत होते. काकू पिठाच्या हातानं बाहेर आल्या आणि मोबाईलकडे बोट करून म्हणाल्या, "अगंबाई, हे पुढेपण आहे?"

"म्हणजे?"

"आमच्या हरिपाठाच्या कॅसेटला होतं हे. 'चिखल घेऊन ये' म्हणतो आणि संपतं. खट् करून. मी म्हणायचे, कसलं बाई अर्धवट गाणं, पण गोड आहे."

मी कपाळावर हात मारला. भरताना टेप संपली की मी कॅसेट काढून पुढची लावायचे, लोकांना गाणं अर्धंच मिळतंय हे इतकी वर्षं मला सुचलंच नव्हतं. उरलेली टेप प्रत्येक कॅसेटला वेगळी. जिथं टेप संपली तिथं त्या घरातलं गाणं संपलं! सहा मिनिटं पुरतील एवढी जागा कधी उरलीच नव्हती. सगळ्या गावाला गाणं पाठ होतं, पण प्रत्येकाला आपल्या कॅसेटपुरतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की ते तिथंच संपतं.

काकूंनी विचारलं, "मग येतो का तो घरी?"

मी पटकन मोबाईल बंद केला. "दिवाळीला ऐका, काकू."

त्या नवऱ्याकडे वळल्या. पिठाचे हात कमरेवर ठेवून उभ्या राहिल्या. काकांनी घसा साफ केला आणि म्हणाले की अभंग संपले की शास्त्रीय गायिकेचे तंबोरे जुळेपर्यंत थोडा वेळ मोकळा असतो, त्यात बसवता येईल. मला हसू आवरेना. पुन्हा उरलेल्याच जागेत! बाबा असते तर खूश झाले असते.

तालमी ड्रमवाल्याच्या गावच्या घरी, पुढच्या ओट्यावर झाल्या. गिटारवाल्याची बोटं आखडली होती. पहिल्या दिवशी त्याच्यानं तो मोठा तुकडा निघेना, तो चिडून थांबायचा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला निघाला तेव्हा शेजारची कोंबडी उडून कुंपणापलीकडे गेली आणि ड्रमवाल्याची बायको म्हणाली, "झाला, आता जमला." कॅसेटवर गाणं कुठं कुठं तुटायचं ते मी गिटारवाल्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "तुझ्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण असतं."

दिवाळीची पहाट आली. मैदान गच्च भरलं होतं. कंदील लागले होते, हवेत उटण्याचा आणि फटाक्यांचा वास होता, पुढच्या खुर्च्यांवर ज्येष्ठ, मागे उभी तरुण मंडळी, त्यांचं अर्धं लक्ष मोबाईलमध्ये स्वतःचे फोटो काढण्यात. अभंग छान झाले. मग काका माइकवर आले आणि म्हणाले, "पुढील कलाकारांची वाद्ये जुळेपर्यंत तीन ज्येष्ठ मंडळी आपल्यापुढे एक गीत सादर करतील."

ज्येष्ठ मंडळी! मी काकांकडे असं बघितलं की त्यांनी लगेच खुर्ची गाठली.

गिटारवाल्यानं खाली मान घालून सुरुवात केली. लोकांनी आधी गंमत म्हणून बघितलं. पैठणीतली बाई, पांढऱ्या केसांचा गिटारवाला, ड्रमवर टक्कल. मी पहिली ओळ उचलली. "दार लोटून घे." डावीकडच्या खुर्च्यांमध्ये एका बाईची मान झटकन वर आली. "कडी नको लावू." तिच्या शेजारणीनं तिचा हात धरला. "उशीर होईल मला" म्हणेपर्यंत तिथं पाच-सहा जणी गात होत्या, आणि "तू नको घाबरू" सगळ्या मैदानानं म्हटलं.

मला आजवर खूप गोष्टींचा आनंद झालाय. पहिला पगार, मुलीचा जन्म, घराचा ताबा. पण त्या ओळीला जो आवाज आला, त्याची सर कशालाच नाही. मी माइकचा दांडा धरला. माणसं गात होती, एकमेकांकडे वळून बघत होती, "अरे, तुलापण येतं?" असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. प्रत्येकाला वाटत होतं की हे गाणं फक्त आपल्याच घरात होतं. मागची मुलंही गात होती. त्यांच्या आयांनी त्यांना झोपवलं होतं त्यावर. मी गिटारवाल्याकडे बघितलं. त्यानं मान वर केली होती. तोंड उघडं होतं आणि बोटं आपोआप चालली होती.

मग अंतरा आला आणि माणसं गळायला लागली.

"रस्ता खणलाय"वर उजवीकडचा एक घोळका थांबला. "दिवे गेलेत"वर पुढच्या दोन रांगा. "चिखल घेऊन ये"वर काकू. ज्याची टेप जिथं संपली होती तिथं त्याचा आवाज बंद पडत होता, कुणाचा ओळ संपल्यावर, कुणाचा शब्दाच्या मध्ये. "उंबऱ्यावर" मी जवळजवळ एकटीनं म्हटलं. शेवटी कुठंतरी लांब एका माणसाचा भरड आवाज उरला होता, तोही थांबला. मैदान गप्प झालं.

गिटारवाल्याचा चेहरा पडला. लोक गप्प राहिले तर, असं तोच म्हणाला होता. आता त्याचा मोठा तुकडा सुरू व्हायचा होता. त्याचा हात तारांवर होता, पण हलत नव्हता. ड्रमवाला नुसताच ठेका धरून त्याच्याकडे बघत होता. तो तिथं थांबला असता तर गाणं पुन्हा एकदा तिथंच तुटलं असतं, या वेळी टेप न संपता. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अरे, ते कंटाळलेले नाहीत, त्यांना पुढचं येत नाही. पण मी बोलले असते तर गाणं मीच तोडलं असतं.

पुढच्या रांगेत एक-दोघी उठायला लागल्या, संपलं असं समजून. तशा काकू उभ्या राहिल्या, मागे वळल्या आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बसा गं! अजून आहे ते. येतोय तो!"

मैदान बसलं. मागची उभी मुलंसुद्धा एक पाऊल पुढे सरकली, मोबाईल खाली गेले. गिटारवाल्यानं एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. एकही माणूस हललेला नव्हता. तेव्हा त्याला कळलं, मी त्याच्या तोंडावर ते बघितलं. आणि त्यानं तो तुकडा वाजवला. तालमीत वाजवला होता त्याच्या दुप्पट जोरानं, आखडलेल्या बोटांनी, दोन सूर चुकवून, आणि माझी शपथ, एवढं चांगलं त्यानं विशीतही वाजवलं नव्हतं.

मग मी शेवटचं कडवं म्हटलं. ते त्या गावानं कधी ऐकलं नव्हतं.

आलो गं, आलो, दार लोटलेलंच होतं,
घर झोपलं होतं सारं, कुणीतरी जागं होतं.

शेवटचा सूर विरला. मग तोच लांबचा भरड आवाज मैदान फाडून ओरडला, "आला रे!"

आणि मैदान उठलं. "आला! आला!" दहीहंडी फुटल्यावर ओरडावं तसं लोक ओरडत होते. बायका डोळे पुसत हसत होत्या. काका टाळ्या वाजवत होते आणि काकू त्यांना सांगत होत्या, मी म्हटलं नव्हतं? माझ्या वयाची एक अनोळखी बाई गर्दीतून वाट काढत स्टेजपाशी आली. तिनं मला बाजूला सारलं आणि सरळ गिटारवाल्याला विचारलं, "हे गाणं तुमचं का?"

त्यानं मान डोलावली.

"आमच्या घरी यावरून वाद व्हायचा," ती म्हणाली. "बाबा म्हणायचे, तो काही येत नाही. आई म्हणायची, येतो म्हणजे येणारच. आज ती असायला हवी होती हो. जिंकली असती."

तो खाली वाकला आणि त्यानं तिचे दोन्ही हात धरले. कितीतरी वेळ सोडलेच नाहीत. भाच्याला भिंतीसाठी आता दुसरं काहीतरी शोधावं लागणार, हे मला तिथंच कळलं.

तोवर मागून "वन्स मोअर" सुरू झालं होतं. काका घड्याळ बघत स्टेजच्या मागे धावले. गायिकाबाई तयार होऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "होऊ द्या सावकाश, माझे तंबोरे अजून लागायचेत." तंबोरे केव्हाच लागले होते, मला तिथपर्यंत ऐकू येत होतं.

पुन्हा वाजवायचं का, हे विचारायला मी गिटारवाल्याकडे वळले. तो जागेवर नव्हता. जो माणूस उभ्या आयुष्यात कधी माइकवर एक शब्द बोलला नाही, तो माझ्या माइकसमोर उभा होता.

"या वेळी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला, त्यानं घसा खाकरला, "या वेळी सगळ्यांनी शेवटपर्यंत यायचं. कुणी वाटेत थांबायचं नाही."

त्यानं तार छेडली. मी तोंड उघडायच्या आत मैदानानं पहिली ओळ सुरू केली होती. माझी काही गरज उरली नव्हती. तरी मी गायले, सगळ्यांच्या वरच्या आवाजात. माझा हक्कच होता तो.